शाबासकी नको, सोबत हवी

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरात सांभाळणाऱ्या बाईला आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. "सेवा करतेस, पुण्य लागेल" हे एक आणि "भोग आहेत, भोगून संपवायचे" हे दुसरं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दोन्ही वाक्यांनी तिचं तोंड बंद होतं. पुण्य कमावणारीनं वैतागायचं नसतं आणि नशिबाला आलेलं भोगणारीनं कुणाकडं काही मागायचं नसतं. सासूबाई सलग तिसऱ्या रात्री दोन वाजता उठून कडी वाजवायला लागल्या, तेव्हा आपण त्यांच्यावर ओरडलो, हात धरून त्यांना खसकन खाली बसवलं आणि मग उजाडेपर्यंत स्वतःचीच शरम वाटत राहिली, हे तिनं कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगावं तर ती त्याच्या आईविषयीची तक्रार होते. माहेरी सांगावं तर त्यांच्या जिवाला घोर लागतो. डॉक्टरांपुढं पंचवीस पेशंट बसलेले असतात. आणि शेजारणीच्या कानावर घातलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

हे सगळं न दचकता ऐकून घेईल असं माणूस एकच, तेच दिवस काढणारं दुसरं कुणीतरी. अशा माणसांची एकमेकांशी नेमानं गाठ घालून देणं हा स्मृतिभ्रंशाच्या उपचाराचाच भाग आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तो सरकारी आरोग्यसेवेनं, पंचायतींनी आणि संस्थांनी मिळून उभा केला पाहिजे, हे मला इथं मांडायचं आहे. सोबत एक इशाराही द्यायचा आहे. इतर सेवा द्यायला नकोत म्हणून असे गट काढले, तर सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढेल, एवढंच होईल.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. देशभरातल्या ज्येष्ठांची तपासणी करून झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा शाळा न पाहिलेल्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. दहांतला एकच माणूस साठीपुढचा धरला, तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५ लाख ८० हजार ज्येष्ठ होतात आणि देशाचंच प्रमाण इथं लावलं तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४३ हजार रुग्ण. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यावरून अंदाज येतो. यातले फार थोडे निदानापर्यंत पोचतात. बाकीच्यांसाठी 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच असते. "वय झालं, चालायचंच" असं म्हणून घर पुढं चालू लागतं आणि दोन-तीन वर्षं तशीच निघून जातात.

निदान झालं तरी पुढं काय? मेंदूविकाराचे आणि मनोविकाराचे तज्ज्ञ मुख्यतः सातारा, कराड, सांगली, मिरज इथं. मिरजेला तर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढल्यापासून दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखतात, कर्नाटकातूनही तिथं पेशंट येतात. पण जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या आतल्या गावातून म्हाताऱ्या माणसाला घेऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि हाती तपासणीची दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यात जे करण्यासारखं आहे ते डॉक्टर करतात. अल्झायमरमध्ये सध्या जी औषधं सर्रास दिली जातात ती काही जणांत लक्षणांना थोडा आळा घालतात, आजार बरा करत नाहीत. म्हणजे उरलेले सगळे दिवस, सगळ्या रात्री, असा सहा-आठ-दहा वर्षांचा काळ घरातल्या माणसांनीच काढायचा. या आजारात 'उपचार' म्हणून जे काही घडतं त्याचा फार मोठा भाग न्हाणीघरात, चुलीपाशी आणि अंथरुणाजवळ घडतो. तो करणाऱ्याला आपण काहीच शिकवत नाही आणि विचारतही नाही.

या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जावळी आणि पाटणच्या गावांनी मुंबईच्या गिरण्यांना आणि माथाडी बाजारांना पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायचं काम करत देशभरातल्या शहरांत पांगले. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावातून घराघरातला माणूस फौजेत गेला. त्यामुळं अनेक घरांत पैसे पाठवणारा एक आणि सांभाळणारा दुसरा अशी वाटणी आधीपासूनच पडलेली आहे. स्मृतिभ्रंशात ही वाटणी फार बोचते. कारण या आजाराच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळात माणसाची बोलण्याची रीत शाबूत असते. परगावचा मुलगा फोन करतो तेव्हा आई छान बोलते. "जेवले रे, तू जेवलास का? पोरं बरी आहेत ना?" पाच मिनिटांत काही कळत नाही. यात्रेला किंवा दिवाळीला चार दिवस मंडळी जमतात तेव्हाही ती सावरून बसलेली असते. मग फोन ठेवताना किंवा गाडीत बसताना मुलगी म्हणते, "आईला तर काही झालेलं दिसत नाही. वहिनीच जरा जास्त करते."

आणि मग पाटल्या हरवतात. म्हातारीनंच त्या कुठंतरी तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असतात. पण ठेवल्याचं आठवत नाही, जागेवर नाहीत एवढंच दिसतं आणि मेंदू त्या रिकाम्या जागेत एक कारण भरून टाकतो, ते म्हणजे चोरी. आळ येतो तो सगळ्यात जवळ असलेल्या माणसावर, म्हणजे रात्रंदिवस करणाऱ्या सुनेवर. हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे, आणि तरी ज्या घरात ते पहिल्यांदा घडतं तिथं ते कुणालाच लक्षण वाटत नाही. नणंद, दीर, भावकी सगळे त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतात. सून आतल्या आत फुटते.

तिला हे एखाद्या डॉक्टरनं समजावून सांगता येईल का? येईल, आणि सांगायलाही हवं. पण "हे आजाराचं लक्षण आहे" हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून ऐकणं आणि समोर बसलेल्या तासगावच्या बाईनं "आमच्या मामंजींनी मला पोलिसात द्यायची भाषा केली होती" म्हणून सांगणं, यांत फार अंतर आहे. पहिल्यानं माहिती मिळते. दुसऱ्यानं आपली अब्रू आपल्याला परत मिळते. आपण वेडे नाही, वाईट नाही, आपल्याच घराला काही शाप लागलेला नाही, ही साक्ष तेच सोसलेल्या माणसानंच द्यावी लागते. समदुःखी माणसांची सोबत पहिल्यांदा उपयोगी पडते ती इथं.

दुसरा उपयोग ज्ञानाचा आहे आणि तो आपण फार कमी लेखतो. चार-पाच वर्षं सांभाळलेल्या माणसाकडं जे ठाऊक असतं ते कुठल्याही पुस्तकात एका जागी सापडत नाही. दिवेलागणीला बेचैनी वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच सगळ्या घरातले दिवे लावावेत. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजीला "हेच तुझं घर" असं शंभरदा पटवून देण्यापेक्षा माहेरच्या विहिरीचं, चिंचेचं विचारावं, हात धरून अंगणात एक फेरी मारून आणावं. कडी डोळ्यांच्या रेषेत न ठेवता अगदी वर किंवा अगदी खाली बसवावी. आरशातली बाई परकी वाटून भीती वाटत असेल तर आरशावर पडदा टाकावा. रोजच्या आंघोळीचा हट्ट सोडावा, अंग पुसून भागतं. जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला गाऊन घातला की ती तो ओढून काढते, तर त्याला पदरासारखं कापड जोडून पाहावं.

यातलं काही ज्ञान तर या मातीचंच आहे. कृष्णाकाठी माणूस चुकलं तर ते रस्त्यावर दिसेलच असं नाही. डोक्याएवढ्या उसात शिरलेल्या माणसाला शोधायला गाव लागतं. उघड्या विहिरी आहेत, कालवे आहेत. म्हणून अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये तयार हवा, पोलीस पाटलाला आणि एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला आधीच सांगून ठेवलेलं हवं, सदऱ्याच्या आतून नाव आणि फोन नंबर शिवलेला हवा. असं एकदा शोधत फिरलेलं घर दुसऱ्या घराला हे पाच मिनिटांत शिकवतं.

आणि काही ज्ञान जीव वाचवणारं असतं. कालपर्यंत ठीक असलेलं माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, गुंगीत गेलं, तर तो आजार 'वाढला' असं समजून घरी बसायचं नाही. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, नवीन सुरू केलेली गोळी, पडल्यामुळं डोक्यात साकळलेलं रक्त, असं काहीही असू शकतं आणि दवाखाना गाठायला हवा. विसरभोळेपणा दिसू लागल्यावर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यायलाच हवं, कारण तिथली कमतरता भरून काढता येते. व्यवहाराचंही तसंच. पुष्कळ घरं मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण आपल्या करार कायद्यानुसार, करून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणून संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही कामं माणसाला समज आहे तेव्हाच, त्याच्या इच्छेनं उरकायची असतात. प्राप्तिकराच्या कायद्यात स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चाला ठरावीक अटींवर सवलत आहे, हे कित्येक करदात्या मुलांना माहीत नसतं. ही माहिती वेळेवर मिळणं किंवा न मिळणं, बहुतेक वेळा कुणाशी गाठ पडली यावर अवलंबून राहतं. ते नशिबावर सोडू नये एवढंच म्हणणं आहे.

अशा आधाराचा खरोखर गुण येतो का, हे तपासलेलं आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेली एक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात स्थानिक, फार शिकलेल्या नसलेल्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. आजार समजावणं, वागणूक कशी हाताळायची ते दाखवणं, सरकारी योजनांची माहिती देणं आणि कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे त्यांचं काम. मागं तज्ज्ञांची देखरेख. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारलं. रुग्णांच्या वागण्यात तेवढा ठळक फरक पडला नव्हता. आजार तिथंच होता, पण त्याच्यासमोर उभं राहणारं माणूस सावरलं होतं. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी ४०६ पती-पत्नींवर केलेला दीर्घ अभ्यास २००६ साली आला. वैयक्तिक आणि कौटुंबिक समुपदेशन, सांभाळणाऱ्यांचा गट आणि हवा तेव्हा फोनवर सल्ला हे सगळं मिळालेल्या जोडीदारांनी रुग्णाला इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त घरी सांभाळलं.

पण उलट पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये २३६ सांभाळणाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीत त्यांना गप्पांना, सोबतीला प्रशिक्षित स्वयंसेवक देऊ केले गेले. तीही २००८ सालचीच. जेमतेम निम्म्यांनी ती सोबत घेतली आणि एकूण गटाच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही. पुढं अनुभवी सांभाळणाऱ्यांनाच सोबती म्हणून जोडून पाहिलं, तेव्हाही मोजण्याजोगा लाभ हाती आला नाही. मला हे निष्कर्ष निराश करणारे वाटत नाहीत, ते फार उपयोगाचे आहेत. गोवा आणि न्यूयॉर्क इथं सोबतीच्या जोडीला कौशल्य होतं, कुटुंबातल्या इतरांशी बोलणं होतं, अडल्या वेळी उत्तर देणारं माणूस होतं. नुसती सोबत एकटी टाकली तर ती दमलेल्या माणसाच्या दिवसात आणखी एक काम होऊन बसते. म्हणून गट हवेत ते सेवेला जोडलेले. सेवेच्या जागी गट, ही काटकसर चालणार नाही.

काही हरकती मी अनेकांकडून ऐकतो. पहिली, "आपल्याकडं एकत्र कुटुंब आहे, भावकी आहे, हे गट वगैरे पाश्चात्त्यांना लागतात." एकत्र कुटुंब कुठं उरलंय हा प्रश्न बाजूला ठेवू. जिथं ते आहे तिथंही काम एकाच बाईच्या वाट्याला येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मिळणाऱ्या काळजीच्या तासांपैकी ७० टक्के तास बायका देतात. घरात माणसं दहा असतील, पण त्यांतलं सल्ला देणारं कोण आणि मध्यरात्री उठणारं कोण हे सगळ्यांना माहीत असतं. कुटुंबातल्या कुटुंबात तिला हे बोलता येत नाही, कारण तिथं प्रत्येक वाक्याला नात्याचं वजन आहे.

दुसरी हरकत खरी आहे आणि तिच्यातून वाट काढावी लागेल. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, मग घरचं उघड्यावर कोण मांडेल? सासऱ्यांचं कपड्यात होतं हे पाटलाच्या घरची सून चावडीजवळच्या सभागृहात कशी सांगेल? म्हणून गट गावापुरता नसावा, तो तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी असावा. ज्या दिवशी बाहेर पडायला कारण असतं आणि "कुठं निघालीस?" याला उत्तर असतं, तो दिवस. तिथं बोललेलं तिथंच राहील याची शपथ पहिल्याच बैठकीत घ्यावी, आणि ती मोडली तर काय हेही ठरवावं.

तिसरी भीती, पुढच्या टप्प्यातल्या घरांचं ऐकून नवे लोक खचतील. खचू शकतात. नुकतंच निदान झालेल्या नवऱ्यापुढं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या जखमांची चर्चा करू नये. मोठ्या गावात दोन वेगळे गट करता येतील, लहान ठिकाणी तेवढं भान ठेवणारं चालक माणूस हवं. चौथी, अशा बैठकांतून कुणाचं तरी तेल, कुणाचं चूर्ण, कुणाचा महाराज पसरतो. हे होतं. म्हणूनच प्रत्येक गटाजवळ एक प्रशिक्षित माणूस हवं, परिचारिका किंवा समुपदेशक, जे दुःखावर भाष्य न करता खोट्या औषधाला मात्र तिथल्या तिथं अडवेल.

आणि पुरुषांचं काय? बायकोला सांभाळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. निवृत्त शिक्षक, निवृत्त फौजी, मुलं परगावी गेलेले शेतकरी. जन्मात कधी भाकरी न थापलेला माणूस सत्तरीत ती थापायला शिकतो, बायकोची वेणी घालायला शिकतो, आणि पारावर जाऊन यातलं अवाक्षर काढत नाही. बायकांच्या बैठकीत तो येणार नाही. त्याच्यासाठी वेगळी बैठक आणि सुरुवातीला बोलण्यापेक्षा हाताला काही शिकवणारं काहीतरी ठेवावं लागेल. माणसाला उचलून खुर्चीत कसं बसवायचं, तोंडातला घास अडकू नये म्हणून कसं भरवायचं. शिकता शिकता तो बोलू लागेल.

हे सगळं शून्यातून उभारायचं नाही, ही आपली जमेची बाजू. केरळमध्ये वडिलांच्या आजारातून हा प्रश्न ओळखलेल्या डॉ. जेकब रॉय यांनी १९९२ साली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी' सुरू केली. म्हणजे देशातलं या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं संघटित काम एका सांभाळणाऱ्या मुलानं सुरू केलेलं आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून पुण्यात १९९७ साली 'सा' ही संस्था निघाली आणि तिनं शुभार्थी म्हणजे रुग्ण आणि शुभंकर म्हणजे सांभाळणारे, यांचे स्वमदत गट चालवले. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांचे घरचे मिळून चालवतात, सभा घेतात, एकमेकांच्या घरी जातात. 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनी नवऱ्यांच्या बायकांना 'सहचरी' गटात एकत्र आणलं. साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करते आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २०१३ साली 'अस्तु' काढला आणि मराठी प्रेक्षकानं स्मृतिभ्रंशाचं घर आतून पाहिलं. त्या चित्रपटात म्हाताऱ्या शास्त्रीबुवांना सहजपणे समजून घेते ती एका माहुताची बायको, हे मला महत्त्वाचं वाटतं. समज पदवीतून येतेच असं नाही.

सांगलीला तर याहून मोठा वारसा आहे. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या 'संग्राम' संस्थेनं एचआयव्हीच्या काळात वेश्या व्यवसायातल्या बायकांना उपदेश केला नाही, त्याच बायकांना एकमेकींच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. १९९६ साली त्यांतून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्याआधी ऐंशीच्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी याच भागात परित्यक्ता बायकांना संघटित केलं. नवऱ्यानं टाकलेली प्रत्येक बाई तोवर ते आपलं एकटीचं नशीब समजत होती. दहाजणी एका जागी बसल्यावर रेशनकार्डाचा, घराचा, जमिनीचा प्रश्न दिसू लागला. समदुःखी सोबतीचा तिसरा आणि सर्वांत दूरवर जाणारा उपयोग हाच आहे. एकेकटीला नशीब वाटणारी गोष्ट दहाजणींना मागणी म्हणून दिसू लागते.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मागण्या उघड आहेत. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सचं नाव आहे, स्मृतिभ्रंशाचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळं दाखल्यासाठी घरं हेलपाटे घालतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या पैशातून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी आठवड्यातून दोन तास थांबायला माणूस का मिळू नये? एकेका घरानं हे विचारलं तर सरपंच हसून सोडून देईल. तालुक्यातल्या तीस घरांनी ग्रामसभेत मांडलं तर विचार करावा लागेल.

हे दोन तास म्हणजे सगळ्या योजनेची नाडी आहे. सांभाळणारी बैठकीला आली तर तिच्या माणसाजवळ कोण बसेल, याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं कागदावर राहील. ज्यांच्यापाशी नोकर आहे किंवा रिकामी नणंद आहे अशाच बायका येतील आणि सर्वांत एकटी पडलेली बाई घरातच राहील. म्हणून बैठक जिथं होईल तिथंच शेजारच्या खोलीत रुग्णांसाठी दोन तासांची बसायची, भजनाची, खाण्याची सोय हवी, आणि ज्यांना घराबाहेर आणणं शक्य नाही त्यांच्या घरी थांबायला मानधनावर माणूस हवं. मानधनावर म्हणतो, फुकट नको. काळजीचं काम बायकांनी प्रेमानं फुकट करायचं असतं, या समजुतीवरच आजवरचं सगळं ओझं उभं आहे. मग त्यावरचा उपाय तरी पुन्हा बायकांच्या फुकट कष्टांवर उभा करू नये. आरोग्य खात्याच्या आशाताईंवर आधीच नको इतकी कामं लादलेली आहेत, हेही काम देणार असाल तर त्याचा वेगळा मोबदला द्या.

सुरुवात लहान असू द्या. महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात ठरलेला वार, ठरलेली खोली. एक समुपदेशक, एक परिचारिका. डॉक्टरनं निदानाच्या कागदावरच त्या बैठकीचा दिवस लिहून द्यावा, म्हणजे सुनेला घरी "डॉक्टरांनी सांगितलंय" असं म्हणता येईल. आपल्या घरांत या वाक्याला किंमत आहे, तिचा उपयोग करू. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी फोन आहे. म्हसवडला 'माणदेशी'चं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. माणच्या बायकांच्या कामाच्या वेळा ओळखणाऱ्या अशा केंद्रावरून आठवड्यातून एकदा सांभाळणाऱ्यांनी सांभाळणाऱ्यांशी बोलावं. रात्री-अपरात्री मन ढासळलं तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठी दिवसा १४५६७ आहे. हे आकडे प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवायला कितीसा खर्च येतो? केरळनं २००८ मध्ये धोरण करून पंचायतींच्या मदतीनं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका आणि स्वयंसेवक पोचवले. रयत शिक्षण संस्था आणि सहकारी साखर कारखाने उभारलेल्या आपल्या पट्ट्याला हे जड जाऊ नये.

आणि हे गट चालवणार कोण, याचं उत्तर प्रत्येक तालुक्यात आधीपासून राहतं आहे. ज्यांचं माणूस गेलं, त्या बायका आणि ते पुरुष. दहा वर्षं सांभाळल्यावर तेरावं उरकतं, पाहुणे जातात आणि मग कुणी त्यांना विचारत नाही. त्या दहा वर्षांत जे कमावलं ते गाव विसरून जातं. दवाखान्यांनी त्यांना शोधावं, बोलवावं, चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, मानधन द्यावं आणि नव्या घरांशी जोडून द्यावं. त्यांतल्या काहींना ते नको असेल, पुन्हा त्या आठवणींत शिरणं त्यांना सोसणार नाही, त्यांना सोडून द्यावं. पण बऱ्याच जणांना आपले ते दिवस कुणाच्या तरी उपयोगी पडावेत असं मनापासून वाटत असतं. आजवर तशी संधी कुणी दिली नाही, एवढंच. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांतली सर्वांत अनुभवी माणसं तीच आहेत. आरोग्य खात्यानं त्यांची यादी करायला याच वर्षी घ्यावी आणि दोन्ही जिल्हा परिषदांनी त्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात पैसे ठेवावेत, ही माझी मागणी आहे.